दुरून मुजरा

राज्याभिषेकाचे कुठलेही चित्र घ्या. कॅलेंडरवरचे, शाळेच्या भिंतीवरचे, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचे. मध्ये सिंहासन, वर छत्र, दोन्ही बाजूंना अष्टप्रधान, आणि कुठल्यातरी एका कोपऱ्यात कमरेत वाकलेला टोपीकर. चित्रकाराला तो हवाच असतो. घरच्यांनी केलेल्या कौतुकाला परक्याची साक्ष मिळाली की आपला जीव भांड्यात पडतो. पण त्या टोपीकराने स्वतः काय लिहून ठेवले आहे, हे सलग वाचण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. त्याचे एखादे वाक्य पुराव्यापुरते काढले जाते आणि काम भागले की त्याला पुन्हा कोपऱ्यात उभे केले जाते.

हेन्री ऑक्झिंडेन हे त्याचे नाव. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा वकील म्हणून तो १६७४ च्या मे महिन्यात रायगडाकडे निघाला आणि जूनच्या मध्यावर परतला. त्या महिनाभराची त्याची रोजनिशी कंपनीच्या दप्तरात राहिली, आणि १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवकालीन इंग्रजी कागदपत्रांचा जो संग्रह छापला, त्यात ती आपल्याला वाचायला मिळते. मोजकीच पाने आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती पिळून काढली आहेत. तरीही ती लेखन म्हणून, एका वकिलाचे गद्य म्हणून वाचली तर त्यांत जे हाती लागते ते तळटिपांत मावणारे नाही.

आधी हा माणूस तिथे का गेला ते पाहू. मूळ दुखणे राजापूरचे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तिथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने भांडणात पडू नये, हा साधा नियम त्याने मोडला. पुढच्याच वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापूर लुटले, इंग्रजांची वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह वखारवाल्यांना कैदेत टाकले. त्यांतले शेवटचे कैदी सुटले १६६३ मध्ये. तेव्हापासून कंपनीचा एकच धोशा होता, नुकसानभरपाई द्या. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक आला, १६७३ मध्ये थॉमस निकोल्स आला. दोघांनाही गोड बोलून वाटेला लावण्यात आले. म्हणजे ऑक्झिंडेन हा काही पहिला इंग्रज वकील नव्हे. त्याच्या आधी दोन होऊन गेले होते आणि राजाशी कसे बोलू नये हे कंपनीला त्यांच्यापासून कळले होते.

त्यात गंमत अशी की ऑक्झिंडेन हे आडनावही महाराजांच्या दरबाराला नवे नव्हते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीत ज्याने आपली वखार लढवून वाचवली, तो सर जॉर्ज ऑक्झिंडेन याच घराण्यातला. दहा वर्षांनी त्याच आडनावाचा माणूस नजराणा घेऊन गड चढतो आहे, आणि यजमान किंवा पाहुणा, कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. निदान रोजनिशीत तरी तो नाही. न लिहिलेल्या गोष्टी वाचायची सवय इथूनच लावून घ्यावी.

खरे तर या वकिलातीची सुरुवात रोजनिशीच्याही आधी, दुसऱ्याच माणसाने केलेली आहे. नारायण शेणवी हा कंपनीचा दुभाषी. वसंतातच तो रायगडावर जाऊन बसला होता. तिथे महाराजांच्या एका राणीसाहेबांचे, काशीबाईंचे, निधन झालेले. सुतकात राजाची भेट नाही. शेणवी थांबला, दरबारातल्या निराजी पंडितांशी बोलत राहिला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्याने मुंबईला पत्र धाडले: जूनमध्ये राज्याभिषेक आहे, सिंहासनाला सोने आणि जवाहीर लागते आहे. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑंजिअर हा हिशेबी माणूस. भरपाई मागायला आणि तह करायला याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही, हे त्याने ओळखले. लग्नघरी अडून बसलेल्या पाहुण्याला यजमान रिकाम्या हाताने पाठवत नाही. वकिलात निघाली ती या हिशेबाने.

आता रोजनिशी.

तिची पहिली खुमारी अशी की ती दारे बंद होण्यापासून सुरू होते. मुंबईहून तरांडे चौलला लागले तोवर अंधार पडला होता, आणि पोर्तुगीज चौलच्या वेशी रात्री बंद होत. इंग्रज राजाच्या प्रजेची ही वकिलात पहिली रात्र तटाबाहेर काढते. मग वरचे चौल, जिथे अंमल महाराजांचा. तिथून नदीने अष्टमी, पुढे निजामपूर, गांगवली, आणि शेवटी पाचाड. आज मुंबईहून गाडीने जाणाऱ्याला ही नावे फलकांवर दिसतात न दिसतात. ऑक्झिंडेन ती एकेका मुक्कामाने देतो. वर्णन जवळजवळ नाही. कोकणातला मे महिना, करवंदे, घाम, पालखीचे भोई, कशाकशाचा उल्लेख नाही. कंपनीचा पैसा कुठल्या वाटेने गेला एवढे कळले की त्याचे काम झाले.

पाचाडला पोचावे तर राजा गडावर नाही. प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेला आहे. आता थांबा. मुक्काम तंबूत. तीनचार दिवसांनी वर येण्याची परवानगी. वर गेल्यावर उतरायला मिळाले ते घर राजवाड्यापासून सुमारे मैलभर लांब. त्यानंतर पहिली भेट, तीही घाईची, कारण राजा समारंभाच्या आणि लग्नकार्याच्या गडबडीत आहे; कामाचे पेशवे मोरोपंतांशी बोलावे असे सांगून पाहुण्यांना निरोप.

ही पाने वाचताना पहिल्यांदा कंटाळा येतो, हे कबूल. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येते की हा कंटाळाच इथला खरा विषय आहे. वेस, तळ, पायरी, वाडा, ओसरी, तख्त. परक्या वकिलाला राजा टप्प्याटप्प्याने जवळ घेतो, आणि दर टप्प्यावर त्याला किती थांबवायचे हे राजाच्या बाजूने कोणीतरी मोजूनमापून ठरवत असते. भांडखोर, मुलूखगिरी करणारा नायक आता छत्रपती होणार होता. त्या बदलाची चर्चा गागाभट्टांच्या शास्त्रार्थात झाली तशीच ती या अंतरांतही झाली. आदल्या वर्षीच्या निकोल्सला जेवढा वेळ मिळाला, तेवढा ऑक्झिंडेनला मिळाला नसेलही. पण त्याला जे अंतर मिळाले ते राजाचे होते. त्याला हे समजले होते का? माझे मत, पुरते समजले होते. म्हणून तर तो तक्रार करत नाही. मैल, दिवस, भेटी नोंदत जातो.

गडाचे वर्णन मात्र तो जरा रेंगाळून करतो, आणि ते करताना त्याच्यातला पाहुणा मागे पडून टेहळ्या पुढे येतो. चढायला एकच वाट. तिच्यावर दोन अरुंद दरवाजे, भक्कम तट, बुरूज. बाकी सगळीकडे सरळ तुटलेला कडा. लांबी साधारण अडीच मैल, रुंदी अर्धा मैल. राजाचा वाडा आणि मंत्र्यांची घरे मिळून सुमारे तीनशे इमारती. मनाला बरे वाटेल असे झाड नाही, धान्य पिकत नाही. आतल्याच कोणी दगा दिल्याशिवाय हा गड पडणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. नजराणा घेऊन आलेला माणूस यजमानाचे घर कसे घेता येईल याचा विचार करतो, यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. आमचे वकीलही परमुलखात हेच करत. १६८९ मध्ये रायगड मोगलांकडे गेला तेव्हा फितुरीचीच कथा सांगितली गेली. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तो गोळ्यांच्या माऱ्याने. तेवढी ताकद येईल हे ऑक्झिंडेनच्या स्वप्नातही नव्हते, आणि त्याच्या वाक्याला जी सचोटी आहे ती त्यामुळेच आहे. पुढचे ठाऊक नसलेल्या माणसाचे ते वाक्य आहे.

तुलेची नोंद अशीच. २९ मे रोजी राजाची सुवर्णतुला झाली. ऑक्झिंडेन लिहितो ते एवढेच की वजन सुमारे १६,००० होन भरले, आणि ते व त्याबरोबर आणखी एक लाख होन अभिषेकानंतर ब्राह्मणांना वाटायचे आहेत. माणूस कसा दिसत होता, पारड्यात कसा बसला होता, मंत्र, वाद्ये, काही नाही. पुढे विद्वानांनी होनाच्या वजनाने गुणून महाराजांचे वजन काढायचा खटाटोप केला. ऑक्झिंडेनला राजा नाण्यांत मोजायला आवडले असावे. याच्या शेजारी सभासदाची बखर ठेवून पाहा. तिथे सिंहासन बत्तीस मण सोन्याचे आणि समारंभाचा एकूण खर्च एक कोटी बेचाळीस लक्ष होन. सभासद जिंजीला बसून, राज्य संकटात असताना, वीस वर्षांमागचे वैभव आठवतो आहे. तो आकडा मोजलेला नाही, मायेने भरलेला आहे. मला दोन्ही आवडतात. पण कंपनीच्या माणसाला खोटे मोठे लिहिण्यात काही फायदा नव्हता, म्हणून त्याचा छोटा आकडा अधिक वजनदार पडतो.

आता त्या सकाळकडे वळू. ६ जून. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती दरवर्षी नजरेआड होते. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची. इंग्लंडने ते १७५२ पर्यंत सोडले नाही. चौलच्या ज्या पोर्तुगीज वेशीबाहेर ऑक्झिंडेनने रात्र काढली, त्या वेशीच्या आत तारीख दहा दिवस पुढे होती. गडावर शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आणि किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्यात १६ जून. आज रायगडावर एक सोहळा तिथीने होतो आणि दुसरा तारखेने. तारखेचा जो होतो, तो टोपीकरांच्या तेव्हाच्या तारखेने होतो.

सकाळी सात-आठच्या सुमारास ऑक्झिंडेन दरबारात गेला. अभिषेकाचे विधी तोवर उरकले होते आणि ते परक्याने पाहायचे नव्हतेच. त्यामुळे त्याच्या लेखनात आठ कलश नाहीत, सप्तनद्यांचे पाणी नाही. तो आत पाऊल टाकतो तेव्हा राजा सिंहासनावर बसलेला आहे. पुढचे सगळे जेमतेम दोन-तीन लांब वाक्यांत येते, आणि त्या वाक्यांची रचना अशी की वाचताना आपली मान तो वळवेल तशी वळते.

प्रथम समोर. भव्य सिंहासनावर राजा. सिंहासनाखालच्या पायरीवर बसलेले तिघे: राजपुत्र संभाजी, पेशवा मोरो पंडित आणि थोर योग्यतेचा एक ब्राह्मण. त्याचे नाव इथे नाही. आपण लगेच गागाभट्ट म्हणून मोकळे होतो. ऑक्झिंडेनला नावाचे कारण नव्हते. त्याने टिपले ते बसणे. बाकीचे सारे, लष्करातले आणि मुलकी, अदबीने उभे. दरबाराचा सबंध कायदा त्याने कोण बसले आणि कोण उभे या दोन क्रियापदांत मांडला आहे. याला मी उत्तम गद्य म्हणतो.

मग तो मुजरा करतो. दुरून. किती दुरून हे लिहीत नाही, पण रायगडाचा दरबार ज्याने पाहिला आहे त्याला अंदाज येतो. नगारखान्याच्या दारातून सिंहासनाच्या चौथऱ्यापर्यंतचे ते लांबलचक मैदान, आणि त्या दिवशी ते माणसांनी भरलेले. इतक्या गर्दीत एका परक्याचे वाकणे कोणाच्या लक्षात यावे? आलेही नाही. इथे या सबंध रोजनिशीतला मला सर्वांत आवडणारा क्षण येतो. नारायण शेणवी नजराण्याची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरतो. राजाचे लक्ष तिकडे जाते. तो जवळ यायला फर्मावतो, अगदी सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत.

ही घटना चित्रकार सहसा काढत नाहीत. ते वाकलेला इंग्रज काढतात. ऑक्झिंडेनचा स्वतःचा मजकूर मात्र स्पष्ट आहे: आपल्या वाकण्याने काही घडले नाही, घडले ते शेणव्याच्या वर गेलेल्या हाताने. कंपनीच्या गोऱ्या वकिलाने हे आपल्या वरिष्ठांना पाठवायच्या कागदात जसेच्या तसे लिहावे, हा त्याचा मोठेपणा की निष्काळजीपणा, देव जाणे. शेणवी मुंबईचा नोकर, पण दरबार कसा पाहतो हे जाणणारा. सकाळचे तिरपे ऊन, हिरा, उंच धरलेला हात. ओरडून सांगायची सोय नाही, पुढे सरकायची मुभा नाही. मग जे चकाकते ते वर करायचे. दोन राज्यांमधले अंतर त्या दिवशी दुभाष्याने तोडले. त्याच्या नावाने मुंबईत एखादा रस्ता असायला हरकत नव्हती.

पायथ्याशी गेल्यावर त्यांना वस्त्रे दिली गेली आणि आता निघावे असे सुचवले गेले. इथे ऑक्झिंडेन एक खोडकर वाक्य लिहितो. त्याचा आशय असा की आम्ही निघालो खरे, पण इतक्या लगेच नाही की मला आजूबाजूला पाहता येऊ नये. काय सुंदर कबुली आहे! दरबारी रीतीप्रमाणे पाय मागे सरकताहेत आणि डोळे मात्र दोन्ही बाजूंची यादी करताहेत. सिंहासनाच्या उजवीकडे सोनेरी भाल्यांच्या टोकांवर मोठमोठ्या दातांच्या माशांची दोन सुवर्णमस्तके. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्यावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू. ही राजचिन्हे मुसलमानी रीतीची आहेत, हेही तो सांगून टाकतो. माशांची मस्तके आणि घोड्यांच्या शेपट्या त्याला नुसती नोंदवावीशी वाटली. तराजूपाशी मात्र तो थबकला. दोन्ही पारडी सारखी आहेत हे त्याने पाहिले आणि हे न्यायाचे चिन्ह आहे असा अर्थही लावला. बाकीच्या चिन्हांचा अर्थ लावायला तो गेलेला नाही. व्यापाऱ्याची नजर, दुसरे काय! आयुष्यभर तराजूच्या पारड्यावर डोळा ठेवलेला माणूस, राजाच्या तख्तापाशीही त्याला तेच दिसले.

बाहेर पडताना दारात दोन्ही बाजूंना छोटे हत्ती आणि सोन्याचा साज ल्यालेले दोन देखणे घोडे. इथे रोजनिशीत एकदाच खरे आश्चर्य उमटते: इतक्या अवघड आणि धोक्याच्या वाटेने यांना वर आणले तरी कसे? गडावरचा वाटाड्या आजही पर्यटकांना हाच प्रश्न घालतो आणि मग पिल्ले असताना वर आणली असे उत्तर स्वतःच देतो. गंमत पाहा, ऑक्झिंडेनच्या वाक्यातही हत्ती छोटेच आहेत. उत्तर विशेषणात आधीच येऊन बसले आहे आणि प्रश्न त्यानंतर विचारला आहे.

दुसऱ्या कोणी लिहिले असते तर इथे पडदा पाडला असता. ऑक्झिंडेन थांबत नाही, कारण त्याचे काम अजून व्हायचे आहे. दोन दिवसांनी राजाने आणखी एक लग्न केले, विशेष गाजावाजा न करता, हे तो एका ओळीत उरकतो. त्याला घाई आहे वीस कलमांची.

ही वीस कलमे म्हणजे रोजनिशीचा सर्वांत रुक्ष भाग समजला जातो. मला तो सर्वांत चवदार वाटतो, आणि याचे श्रेय निराजी रावजींना. पुढे अष्टप्रधानांत न्यायाधीश म्हणून ज्यांची ओळख राहिली ते हे निराजी पंडित. इंग्रजांशी रोजची बोलाचाली त्यांच्याकडे. पहिल्याच भेटीत त्यांनी ऑक्झिंडेनच्या एका कलमाची हवा काढून घेतली. इंग्रजांना वाटत होते की आपण मध्यस्थी करून राजाचा आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा समेट घडवावा. सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात पावसाळा काढायला येई, त्यामुळे या भांडणात इंग्रजांची पंचाईत होत होती. निराजींनी शांतपणे सल्ला दिला: हा विषय राजापुढे काढूच नका. सल्ला मित्रत्वाचा, नकार पक्का. आणि जोडीला गोड शब्द, की एकदा अभिषेक होऊ द्या, मग राजा व्यापारउदीम आणि रयतेकडे राजासारखे लक्ष घालतील.

बाकीच्या कलमांतून इंग्रजांच्या पदरात पडले ते असे: राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी घालायला परवानगी. मालावर अडीच टक्के जकात. राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होन. पण रोख एकदम नाही, हप्त्याहप्त्याने आणि जकातीच्या सवलतीतून. म्हणजे भरपाई हवी तर व्यापार करा. तेरा वर्षे लोंबकळलेल्या भांडणाचा हा निकाल लावणाऱ्याला मानले पाहिजे. देणे कबूल केले आणि त्या देण्यानेच सावकाराला बंदराशी बांधून घेतले.

घोडे अडले ते दोन कलमांवर. पहिले नाण्याचे. मुंबईत ऑंजिअरने टांकसाळ घातली होती आणि तिथली नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत असे कंपनीला हवे होते. उत्तर आले ते असे: राजा कोणत्याही नाण्याला मनाई करत नाही, पण रयतेने तोटा सोसून अमुक नाणे घ्यावे अशी सक्तीही तो करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतरांच्या नाण्याइतके शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते आपोआप चालेल. हे वाचून मी दर वेळी खूश होतो. ज्या राजाने नुकतीच स्वतःची शिवराई आणि होन पाडायला घेतले, त्याच्या दरबारातून हे उत्तर जाते. मागणी फेटाळली, पण नाही हा शब्द कुठे नाही. सगळा भार इंग्रजांच्या चांदीच्या कसावर टाकून दिला.

दुसरे कलम फुटलेल्या जहाजांचे. इंग्रजांचे जहाज किंवा माल वादळाने किनाऱ्याला लागला तर तो परत मिळावा. यावर निराजींचे म्हणणे: कोकणच्या रिवाजात हे बसत नाही, आणि तुम्हाला दिले तर फ्रेंच, वलंदेज, सगळेच मागतील. ऑक्झिंडेनने हे जसे ऐकले तसे लिहिले आहे, राग न दाखवता. समुद्राने किनाऱ्याला टाकलेले किनाऱ्याच्या धन्याचे, हा कायदा कोकणच्या खाडीखाडीला ठाऊक होता. एका तहासाठी तो मोडायचा नाही, हे राजाने अभिषेकाच्या त्याच आठवड्यात सांगितले. तराजूचे चिन्ह सिंहासनापाशी बघून आलेल्या व्यापाऱ्याला त्याचा अर्थ या दोन कलमांत अधिक नीट कळला असेल.

खाण्यापिण्याबद्दल ऑक्झिंडेन गप्प आहे, ही मला त्याची एकमेव खरी उणीव वाटते. ती जॉन फ्रायरने भरून काढली. फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर, त्याच सुमारास मुंबईत होता. त्याने पुढे आपल्या प्रवासग्रंथात ही वकिलात सांगितली आणि तिच्यात मीठमसाला घातला. गडावर पाहुण्यांना मिळे ती तूप घातलेली खिचडी. त्यांना हवे होते मटण. शेवटी एक खाटीक रोज अर्धा बोकड पुरवू लागला. महिनाभराने तो म्हातारा धापा टाकत गड चढून आला. ज्यांनी इतक्या दिवसांत, त्याने कित्येक वर्षांत विकले नव्हते तेवढे मांस खाल्ले, ती माणसे एकदा डोळ्यांनी पाहायची होती म्हणून. सारा दरबार राजाला पाहायला लोटलेला आणि हा एकटा गिऱ्हाइके पाहायला आलेला. फ्रायर लिहिणारा जास्त रंगेल, यात शंका नाही. पण वकिलातीचा गाभा पाहायचा तर मला ऑक्झिंडेनच हवा. फ्रायर हसवतो आणि पुढे जातो, ऑक्झिंडेन लक्षात ठेवतो.

पुढे ही अंतरे कशी उलटली हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. १७८१ मध्ये राघोबादादाचा वकील हणमंतराव लंडनला गेला, तेव्हा सोवळ्याओवळ्याची त्याची अडचण पाहून एडमंड बर्कने त्याला बीकन्सफील्डच्या आपल्या घराशेजारचे काचघर मोकळे करून दिले. वकिलाला कुठे उतरवायचे हा प्रश्न रायगडाने मैलभर अंतराने सोडवला होता, बर्कने रोपट्यांच्या काचघराने सोडवला. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्यात रेसिडेंट म्हणून आला. त्याची वसाहत संगमावर, शनिवारवाड्यापासून नीट अंतर राखून. पण आता ते अंतर कोण ठरवतो हे हळूहळू बदलत गेले, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या दिवशी ती रेसिडेन्सी जळली तेव्हा तिथल्या रेसिडेंट एल्फिन्स्टनला दुरून मुजरा करण्याची गरज कधीच संपली होती.

ऑक्झिंडेन मात्र १६७४ च्या जूनमध्ये तह घेऊन पावसाच्या तोंडावर मुंबईला उतरला, आणि आपण काम फत्ते केले असे त्याला वाटले असल्यास त्यात चूक नाही. त्याच वर्षीच्या थंडीत मराठ्यांच्या फौजा खानदेशात शिरल्या आणि धरणगावची इंग्रजांची वखार लुटली गेली. धरणगाव मोगलांच्या मुलखात, राजाच्या नव्हे. पुढच्या वर्षी कंपनीने सॅम्युअल ऑस्टिन नावाच्या माणसाला नुकसानीची नवी यादी देऊन महाराजांकडे रवाना केले.